चर्चमागचं कपाट

रविवारची उपासना संपली की मी चावी घेऊन बसतो, आमची लायब्ररी म्हणजे मागच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट आणि एक शंभर पानी वही, नाव-तारीख लिहा नि पुस्तक न्या, दंड वगैरे काही नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांना कायम वेटिंग! पहिला भाग १९३४ चा, पण आज्या अजून त्यासाठी भांडतात. जाडजूड भाष्यग्रंथांना मात्र कोणी हात लावत नाही (मीपण नाही, खरं सांगतो). पाळकसाहेबांनी नेलेलं एक पुस्तक ईस्टरपासून परत आलं नाहीये, आता त्यांना कोण विचारणार? पावसाळ्यात वाळवी लागली तेव्हा आधी ज्ञानोदयचे जुने अंक बाहेर काढले, १८४२ला नगरला सुरू झालेलं नियतकालिक आहे ते, गंमत नाही. सध्या कडुलिंबाचा पाला टाकलाय, बघू.