शांतता की नेटवर्क?

गेल्या महिन्यात माझ्याच एका ऑनलाइन थेरपी सेशनचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि दहाव्या मिनिटाला हेडफोन काढून ठेवला. (क्लायंटची लेखी संमती होती. सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टबरोबर माझ्या कामाची उजळणी, झाल्यावर फाइल पुसून टाकली.)

वडिलांबद्दल बोलता बोलता ती थांबते. 4 सेकंद काहीच नाही. मग माझा आवाज: "हॅलो? येतंय ना ऐकू?" ती घाईघाईनं म्हणते, "हो हो, येतंय," आणि थेट ऑफिसबद्दल बोलायला लागते. वडील त्या दिवशी परत आलेच नाहीत.

सुपरव्हायझर मॅडमनी एवढंच विचारलं, "समोर बसली असती तर हॅलो म्हणाली असतीस?"

नसते म्हणाले. समोर बसलेल्या माणसाचा श्वास दिसतो, बोटांचा चाळा दिसतो. पडद्यावर दाटून आलेला गळा आणि अडकलेला व्हिडिओ सारखेच दिसतात. त्यातलं मला सोयीचं होतं ते मी धरलं.

ऑनलाइन थेरपीवरच्या वेबिनारांची 3 सर्टिफिकेटं आहेत माझ्याकडे. क्रेडिट पॉइंट भरायचे म्हणून कॅमेरा बंद ठेवून, शेजारच्या टॅबमध्ये ईमेल उरकत मिळवलेली. शेवटच्या 10 प्रश्नांत 'वरील सर्व' निवडलं की बहुतेक वेळा भागतं. अगदीच वाया गेले असं नाही म्हणणार. सेशनच्या सुरुवातीला क्लायंट आत्ता नेमका कुठे आहे ते विचारायचं, गरज पडली तर कोणाला फोन करायचा तो नंबर घेऊन ठेवायचा, हे तिथंच शिकले. गप्प कसं बसायचं ते मात्र स्लाइडवर मावत नसावं.

आणि रेकॉर्डिंग ऐकून शिकणं काही नवं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स तबकड्यांवर सेशन मुद्रित करायचे. 1942 साली त्यांनी एक अख्खी केस शब्दशः छापली होती. माझ्या फोनमध्ये रेकॉर्डर कितीतरी वर्षं आहे. मी तो स्वतःकडे वळवला नव्हता, कारण भीती वाटायची. दुसरं कारण नाही.

आता पहिल्याच भेटीत सांगते: मध्ये आपण गप्प बसू, ते चालतं. आवाज तुटला तर चॅटमध्ये 'तुटला' लिहा. नाही लिहिलंत तर मी थांबून राहीन.

परवा एक क्लायंट असेच थांबले. मी घड्याळाकडे बघितलं नाही, घसा खाकरला नाही. चॅटचा चौकोन कोरा. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. इतकं स्थिर बसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, आज काहीतरी मोठं येणार.

टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम, वायफायच गेलंय. चॅटमध्ये लिहू कसं?"