समेवर न आलेल्या रात्री

१६ डिसेंबर २०२४, सनीव्हेल

झाकीरभाई काल गेले. इथेच, सॅन फ्रान्सिस्कोत. रविवारभर बातमी खरी की खोटी यावरच घोळ चालला होता; आज सकाळी उठले तेव्हा घोळ संपलेला होता. मराठी मंडळाच्या ग्रुपवर दिवसभर तबला, चहाची जाहिरात आणि कपाळावर येणारे ते केस. सगळं बरोबरच आहे. मला मात्र सारखा ग्रेटफुल डेड या इथल्या रॉक बँडचा ड्रमर मिकी हार्ट आठवत होता. ग्रुपवर तसं लिहिलं असतं तर निम्म्या लोकांनी विचारलं असतं, हा कोण?

डेडचा बेस गिटारवाला फिल लेश जाऊन अजून दोन महिने व्हायचेत. तो गेला २५ ऑक्टोबरला. आमच्यासारख्या जुन्या डेडहेडांना, म्हणजे डेडच्या चाहत्यांना, तारखा जुळवायचा रोग असतो: डेडचे शो लावणारा बिल ग्रॅहम १९९१ साली हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला, तोही २५ ऑक्टोबरलाच. त्यातून काही सिद्ध होत नाही. तरी आम्ही जुळवतो.

अली अकबर खाँसाहेबांचं संगीताचं कॉलेज आणि ग्रेटफुल डेडचं ऑफिस एकाच गावात, सॅन राफेलला. झाकीरभाई विशीतच तिथे शिकवायला आले आणि विद्यार्थ्यांच्या तालवाद्यांच्या मेळ्यात डेडचा ड्रमर मिकी हार्ट जाऊन बसला. हार्टनं त्याच्या आधीच उस्ताद अल्लारखांकडून तालाचं गणित डोक्यात भरून घेतलं होतं. त्या मेळ्यातून १९७६ साली 'डिगा' ही रेकॉर्ड निघाली. तीत डेडचा गिटारवाला-गायक जेरी गार्सियाची गिटार आहे, आणि तिच्यातल्याच एका तुकड्यातून डेडचं 'फायर ऑन द माउंटन' झालं. स्टेडियमभर पोरं ज्यावर घामाघूम होऊन नाचायची, त्याच्या मुळाशी माहीमचा तबला होता.

हे मला पहिल्यांदा सांगितलं एका दाढीवाल्या टेपरनं, म्हणजे शो टेप करणाऱ्या चाहत्यानं. "तू बॉम्बेची? मग झाकीर तुझ्या ओळखीचा असेल." मी म्हटलं, पुण्याची. त्याला फरक कळला नाही. मला कळतो, पण ते राहू दे.

१८ डिसेंबर

काल पुण्याहून भाचीचा व्हॉइस मेसेज. "आत्या, बाबा म्हणतात तू त्या हिप्पी बँडच्या मागे गावोगाव फिरायचीस. म्हणजे वारीसारखं?"

दादाला सगळं वारीसारखं वाटतं. वारीत मुक्काम ठरलेले असतात आणि शेवटी पांडुरंग विटेवर उभा असतोच. इथे तो भेटेल याची काही खात्री नसायची. तिकीट काढून, सहा तास गाडी हाकून जायचं, आणि त्या रात्री काहीच घडायचं नाही. पुढच्या रात्री पुन्हा जायचं. हे तिला मेसेजमध्ये सांगता येईना, म्हणून इथे लिहिते आहे.

पहिला शो १९८८च्या वसंतातला, स्टॅनफर्डच्या फ्रॉस्ट ॲम्फीथिएटरमध्ये. मला अमेरिकेत येऊन वर्षही झालं नव्हतं. रूममेटकडे एक तिकीट जास्तीचं होतं. मैफलीला जायचं तर कसं जायचं हे मला सवाईमुळे पक्कं ठाऊक होतं: स्वेटर, चहाचा थर्मास, बसायला चादर. भर उन्हात, हिरवळीच्या पायऱ्यांवर, अर्ध्या कपड्यांतल्या हजारो लोकांत स्वेटर मांडीवर घेऊन बसलेली मी एकटीच.

पहिलं गाणं झालं आणि हे लोक वाद्यं लावायला लागले. दुसरं झालं, पुन्हा वाद्यं लावणं. सावकाश, प्रेक्षकांकडे पाठ करून, कुणाला काही घाई नाही. शेजारचे लोक वैतागले होते. मी पहिल्यांदाच त्या देशात घरच्यासारखी बसले होते. बाबांनी सांगितलेलं होतं की तंबोरे लागेपर्यंत ज्याला धीर नाही त्यानं रेडिओ ऐकावा.

पूर्वार्धात सुटी सुटी गाणी. उत्तरार्धात मात्र गाणी एकमेकांत विरघळायची. एक संपत नसे. ते सुटत जायचं, मधे बराच वेळ कुणाचंच नसलेलं काहीतरी चालायचं आणि त्यातून दुसरं वर यायचं. मधोमध दोघा ड्रमरांचा भाग, 'ड्रम्स'. त्यानंतर 'स्पेस': ताल नाही, सूर धड नाही, नुसते आवाज. ड्रम्स सुरू झाले की निम्मं पब्लिक बाथरूमच्या रांगेत. तबल्याच्या एकल वादनाला लोक चहाला उठतात, तसलंच. मी कधी उठले नाही. हार्टकडे 'बीम' नावाची पियानोच्या तारा लावलेली ॲल्युमिनियमची लांब तुळई होती. ती तो हाणायचा तेव्हा हिरवळीवर बसलेल्यांच्याही बरगड्या हलायच्या.

त्या दिवशी मला ते आवडलं असं नाही. स्पेसमध्ये तर हे आता बास करा असं झालं होतं. पण त्या गोंगाटातून गार्सियानं दोनच स्वर काढले आणि सगळी टेकडी एकदम ओरडली. पुढचं गाणं ओळखलं होतं त्यांनी. गायकानं दोन स्वर लावले की मागच्या सतरंजीवरून कुणीतरी "मारवा" असं पुटपुटतं, ते मी लहानपणापासून ऐकलेलं. इथे ते हजारो जणांनी एकाच वेळी केलं. ती गाणी कुठली ते कळायला पाहिजे, एवढं घेऊन मी घरी आले.

मग पुढची सात वर्षं. ओकलंड, शोअरलाइन, सॅक्रामेंटो, कधी पार लास वेगास. शोअरलाइन हे खुलं थिएटर कचऱ्याच्या जुन्या डेपोवर बांधलेलं. १९८६ साली ते उघडलं तेव्हा हिरवळीतून मिथेन यायचा आणि लोकांनी लायटर पेटवला की गवतातून ज्वाळा. आज त्याच्या शेजारी गूगल आहे.

बाहेरचं पार्किंग म्हणजे 'लॉट', आणि लॉट म्हणजे अर्धा शो. शाकाहारी माणसाचे त्या काळच्या अमेरिकेत इतके लाड दुसरीकडे कुठेही होत नव्हते: व्हॅनच्या मागे स्टोव्ह मांडून ग्रिल्ड चीज, बीन्सचे बरिटो, कुणी तर डाळ-भातही. टाय-डाय, मणी, स्टिकर. एक बोट वर करून फिरणारे बिनतिकिटाचे लोक, कुणीतरी फुकट तिकीट द्यावं म्हणून. त्या चमत्काराला 'मिरॅकल'च म्हणायचे. आणि अर्थात नशा. गांजा, ॲसिड म्हणजे एलएसडी, फुग्यांत लाफिंग गॅस भरतानाचा तो फुस्स आवाज. माझा स्टुडंट व्हिसा, पोलिसांचा धाक मनात कायम. म्हणून मध्यंतरात मी पिवळ्या फुग्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची. तो 'व्हार्फ रॅट्स'चा अड्डा: नशा सोडलेले, तरी संगीत न सोडलेले लोक. तिथे कुणी काही पुढे करत नसे. सगळ्या लॉटमध्ये सगळ्यात नीट बोलणारी माणसं तीच.

तिकिटं टपालानं. बँडचं स्वतःचं तिकीट ऑफिस होतं. हॉटलाइनवर फोन करून तारखा ऐकायच्या, तीन बाय पाचच्या कार्डावर मागणी लिहायची, मनीऑर्डर जोडायची आणि ठरल्या दिवसाच्या शिक्क्यानं पाकीट टाकायचं. पाकिटांवर लोक कवट्या, गुलाब, नाचणारी अस्वलं रंगवायचे. मी ठिपक्यांची रांगोळी काढायची. त्यानं तिकीट लागतं असा माझा ठाम समज होता, आणि अजूनही आहे.

२१ डिसेंबर

शनिवार. गॅरेजमधली कॅसेटची खोकी बाहेर काढली. मॅक्सेलच्या नव्वद मिनिटांच्या. पाठीवर माझ्या त्या वेळच्या बारीक अक्षरात तारीख, ठिकाण, गाणी. नवरा बघून म्हणाला, "हे ऐकायला आता घरात यंत्र आहे का?" नाही. तरी पुसून पुन्हा लावली. तो गझलवाला माणूस. माझ्याबरोबर एकदा ओकलंडला आला होता आणि परतताना गाडीत एकच वाक्य बोलला: "चांगले आहेत, पण यांना थांबायचं कुठे ते कुणी सांगत नाही का?"

डेडनं लोकांना रेकॉर्डिंग करू दिलं. १९८४पासून तर मिक्सरच्या मागे टेपरांसाठी वेगळी जागाच ठेवली, माइकचे उंच दांडे तिथे रोवलेले. अट एकच, टेप विकायची नाही. कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवलं की अनोळखी माणूस तुम्हाला रात्र कॉपी करून द्यायचा. बँडचे एकूण तेवीसशेच्या आसपास कार्यक्रम झाले आणि त्यातले बहुतेक आज कुणाच्या ना कुणाच्या टेपवर आहेत.

आता मला जे म्हणायचं आहे ते. रोज गाणी वेगळी, क्रम आधी ठरलेला नाही, कालचं आज बहुधा वाजणार नाही. असं वाजवायचं ठरवलं की काही रात्री पडणारच, आणि डेडच्या पुष्कळ पडल्या. त्याबद्दल चाहते बोलत नाहीत, किंवा ती गंमत म्हणून सांगतात. मी माझ्या वहीत वाईट रात्रीही तेवढ्याच काळजीनं लिहिल्या. ड्रमर दोघे दोन वाटांनी गेले, दुसरा गिटारवाला बॉब वीअर भलत्याच कडव्यात शिरला, समेवर कुणीच आलं नाही. त्या रात्री नसत्या तर चांगल्या रात्रींवर मी विश्वास ठेवला नसता. रोज हमखास रंगणारी मैफल मीही ऐकली आहे, इथे येणाऱ्या मोठमोठ्यांच्या दौऱ्यांत: तोच राग, तीच तिहाई, टाळीची तीच जागा. उठून जावंसं वाटतं.

१९८७ साली रेडिओवर एक गाणं गाजलं आणि गर्दी दुप्पट झाली. मी त्या गर्दीतलीच, त्यामुळे जुन्यांनी नाकं मुरडली तेव्हा त्यांना काही बोलायची सोय नव्हती. १९९० साली कीबोर्डवाला ब्रेंट मिडलंड गेला. त्यानंतर वय सगळ्यांच्याच बोटांत दिसायला लागलं. शेवटी शेवटी गार्सिया ओळी विसरायचा. १९९५च्या जूनमध्ये शोअरलाइनला तो एका कडव्याच्या तोंडाशी थांबला, आणि ती ओळ लोकांनी म्हटली. कुणी हसलं नाही. पुढचं कडवं त्यानं स्वतः म्हटलं, सावकाश.

त्याच उन्हाळ्यात इंडियानात बिनतिकिटाच्या पोरांनी कुंपण पाडलं आणि दुसऱ्या दिवशीचा शो रद्द झाला. ९ जुलैला शिकागोत शेवटचा शो, ९ ऑगस्टला गार्सिया गेला. त्रेपन्न वर्षांचा. ऑफिसात मला कुणी फारसं काही बोललं नाही, फक्त एका म्हाताऱ्या हार्डवेअरवाल्यानं टेबलावर कॉफी आणून ठेवली. तोवर मला माहीतही नव्हतं की तोही त्यातला. १३ ऑगस्टला गोल्डन गेट पार्कच्या पोलो ग्राउंडवर फोटो, फुलं, ढोल.

पुढच्या एप्रिलमध्ये वीअर आणि गार्सियाची बायको त्याच्या काही अस्थी घेऊन ऋषिकेशला गेले आणि गंगेत सोडल्या. उरलेल्या इथे, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत. चाहते चिडले, भारताशी त्याचा काय संबंध म्हणून. मी आईला फोनवर सांगितलं तर तिला गंगेचं काहीच नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "अगं, पण अर्ध्याच का?"

फिलचं एक राहिलं. १९९८ साली त्याचं यकृत बदललं, आणि तेव्हापासून प्रत्येक शोच्या शेवटी तो माइकशी येऊन अवयवदानाबद्दल बोलायचा; घरच्यांना आज सांगून ठेवा म्हणायचा. लोक त्याला 'डोनर रॅप' म्हणायचे, बोलता बोलता तोंडपाठ झालेलं. माझ्या लायसन्सवरची गुलाबी टिकली त्याच्यामुळे आहे.

२२ डिसेंबर

आज टीव्हीवर केनेडी सेंटरचा कलावंतांचा सत्कार दाखवला. ग्रेटफुल डेड, कपोला, बॉनी रेट, आर्तुरो सांदोवाल, आणि हार्लेमचं अपोलो थिएटर. सुटाबुटातला मिकी हार्ट. सरकारी सभागृहात टाय-डाय घालून कुणी येत नाही हे मला मान्य आहे, तरी थोडं लागलं. नवरा म्हणाला, कार्यक्रम छान आटोपशीर आहे. एवढ्या वेळात जेरी नुसती गिटार लावायचा.

भाचीनं विचारलं होतं, सुरुवात कुठून करू? याला सगळे एकच उत्तर देतात: कॉर्नेल विद्यापीठातला शो, ८ मे १९७७. लायब्ररी ऑफ काँग्रेसनंही ते जपून ठेवलं आहे. मीही तेच पाठवलं, आणि सोबत १९९५च्या जूनमधली ती शोअरलाइनची रात्र. 'डिगा' तिसरी.

आत्ता तिचा मेसेज आला. कॉर्नेलबद्दल एक शब्द नाही. "आत्या, दुसऱ्यात तो मधेच थांबतो आणि सगळे लोक गातात, ते ठरवून का?"

तिकडे दुपार झाली असेल. फोनच लावते.