बाबेलच्या विटा

बगदादहून दक्षिणेला निघालं की 85 किलोमीटरवर, हिल्ला शहराला खेटूनच, बाबेल लागतं. इतिहासाच्या पुस्तकात बॅबिलोन; पण नगरला आजी संध्याकाळच्या प्रार्थनेला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक वाचायची तेव्हा ते बाबेलच असायचं, आणि माझ्या मनात आजही तेच नाव आहे.

दारातली निळी वेस नवी आहे, नकल आहे. अस्सल इश्तार वेशीच्या निळ्या विटा जर्मन उत्खननानंतर बर्लिनला गेल्या. इथे उरलाय तो वेशीचा खालचा भाग. मातकट विटांच्या भिंती, त्यांतून उठून आलेले बैल आणि सापाच्या तोंडाचे, पुढे सिंहाचे नि मागे गरुडाचे पाय असलेले प्राणी. मी एका बैलाच्या खुरापाशी वाकले. दोन विटांमध्ये काळं काहीतरी होतं. डांबर! बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्यांनी दगडाऐवजी वीट आणि चुन्याऐवजी डांबर घेतल्याचं येतं. ते वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. ते डांबर बोटाला लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

आमच्या वाटाड्याने पुढे एक वीट दाखवली. हातभर लांबीलाही कमीच, चौकोनी, आणि तिच्यावर बाणाच्या टोकांसारख्या अक्षरांचा शिक्का : नबुखद्नेस्सर, बाबेलचा राजा, नबोपोलस्सराचा थोरला मुलगा. असे शिक्के हजारो विटांवर आहेत. याच राजाने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं आणि लोकांना धरून इथे आणलं. वर, जुन्या पायावर, 1980च्या दशकात उभारलेल्या भिंती आहेत. त्यांतल्या विटांवर अरबीत सद्दाम हुसेनचं नाव. शेजारच्या टेकाडावर त्याचा राजवाडा, खिडक्या गेलेला. मी दोन्ही विटांवर हात ठेवला आणि यशया संदेष्ट्याचा चौदावा अध्याय आठवला. मी आकाशात चढेन म्हणणाऱ्याला खाली अधोलोकात उतरवलं, तो.

नबुखद्नेस्सराच्या सिंहासनाच्या दालनात मात्र मी गप्प झाले. जवळजवळ 52 मीटर लांब. उत्खननात इथल्या भिंतींना पांढरा गिलावा सापडला होता. पुढे बाबेलवर राज्य करणाऱ्या बेलशस्सराच्या मेजवानीत हाताची बोटं उमटून लिहू लागली ती भिंतीच्या गिलाव्यावरच, असं बायबलमधलं दानीएलाचं पुस्तक सांगतं.

एक गोष्ट मला बरीच वर्षं टोचत होती. यिर्मयाच्या एक्कावन्नाव्या अध्यायात बाबेल एका झटक्यात पडतं. प्रत्यक्षात इ.स.पू. 539मध्ये पर्शियाचा राजा कोरेश आला तेव्हा शहर जवळपास न लढता हाती आलं आणि पुढेही नांदत राहिलं, अलेक्झांडर इ.स.पू. 323मध्ये इथेच वारला. ओसाडी हळूहळू आली. अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस आणि त्याच्या वंशाने नवी नगरं वसवली, वस्ती तिकडे सरकली. कोपऱ्यासाठीसुद्धा तुझा दगड कोणी घेणार नाही, असं संदेष्टा म्हणतो. पण हिल्ल्याची घरं इथल्याच विटांनी उभी राहिली. मला हे झाकावंसं वाटत नाही. न्याय झाला, पण तो पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि त्यातून कोणाच्या तरी डोक्यावर छप्पर आलं.

शिवाय ज्याने हा शाप लिहिला, त्यानेच एकोणतिसाव्या अध्यायात बंदिवानांना पत्र पाठवलं : घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं कल्याण इच्छा, त्यासाठी प्रार्थना करा. काहींनी ते इतकं मनावर घेतलं की इराकात यहुदी अडीच हजार वर्षं राहिले. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे तिथलं यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, बांधणारे डेव्हिड ससून बगदादचेच.

संध्याकाळी हिल्ल्यात फरात (युफ्रेटिस) नदीच्या फाट्यावर गेलो. यिर्मयाच्या सांगण्यावरून, बाबेलला निघालेल्या सराया नावाच्या अधिकाऱ्याने शापाची गुंडाळी वाचून, तिला दगड बांधून फरातात टाकायची होती, म्हणजे बाबेल असंच बुडेल. मी आजीचं मेणकापडात गुंडाळलेलं बायबल काढलं. आधी एक्कावन्नावा अध्याय वाचला, मग एकोणतिसावा. समोर एक बाई काठावर बसून पातेली घासत होती. तिच्यामागच्या भिंतीतल्या काही विटा चौकोनी होत्या.