उंची किती?

त्या मुलाला तपासणीच्या टेबलावर झोपवलं तर त्याची पावलं टेबलाबाहेर आली. सहा फूट दोन इंच. वजन शहात्तर किलो, पोटावर चरबीचा थर असा नाहीच. सोनोग्राफी करणाऱ्याला असा पेशंट मिळणं म्हणजे सुख असतं, सगळे अवयव आरशासारखे स्वच्छ दिसतात. पण तो घाबरलेला होता. पोटाला हात लावला की स्नायू दगडासारखे घट्ट व्हायचे.

आम्ही साताऱ्यात. इथल्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जातात, आणि आता शिकलेली पोरं अधिकारी व्हायच्या परीक्षा देतात. हाही त्यातलाच. लेखी परीक्षा पास झालेला, दहा दिवसांनी एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत. वडील निवृत्त सुभेदार. मेडिकलमध्ये ऐन वेळी काही निघू नये म्हणून त्यांनी आधीच एका ठिकाणी पोराची सगळी तपासणी करून घेतली होती. रक्त उत्तम, डोळे उत्तम, कान उत्तम. आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर एक ओळ ठळक अक्षरात: प्लीहा १३.४ सेंटिमीटर, सौम्य वाढ.

फौजेच्या वैद्यकीय निकषांत प्लीहेची लांबी १३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा ती हाताला लागत असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. सुभेदारसाहेबांनी हे कुठून तरी वाचलं होतं. चार मिलिमीटरनी त्यांची झोप उडवली होती.

"मॅडम, एक विनंती होती," मुलगा आत कपडे बदलत असताना ते म्हणाले. आवाज खाली आलेला. "जरा इकडंतिकडं असलं तर तेराच्या आत बसवा की. पोरानं चार वर्षं दुसरं काय केलं नाही."

असं कुणी म्हणालं की पूर्वी मला राग यायचा. त्या दिवशी आला नाही. उभं आयुष्य हुकूम पाळण्यात काढलेला माणूस पहिल्यांदाच असं काही मागत असावा, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"सुभेदारसाहेब, आधी मला बघू द्या. दिसेल तेच लिहीन. आणि मी काहीही लिहिलं तरी तिथले डॉक्टर पुन्हा मोजणारच आहेत."

ते मान हलवून बाहेर जाऊन बसले.

प्लीहा, म्हणजे आमच्याकडची जुनी माणसं जिला पानथरी म्हणतात ती, डाव्या बरगड्यांच्या आड लपलेली असते. आम्ही शिकताना तिची मापं पाढ्यासारखी पाठ करायचो: १, ३, ५, ७, ९, ११. एक इंच जाड, तीन इंच रुंद, पाच इंच लांब, सात औंस वजन, नववी ते अकरावी बरगडी. यातले पाच इंच सेंटिमीटरमध्ये करून पाहा. १२.७ येतात. म्हणजे आमच्या पहिल्या वर्षाच्या पाढ्यातली निरोगी पानथरी आज बऱ्याच रिपोर्टांत 'वाढलेली' ठरेल, कारण सोनोग्राफीच्या खोलीत सगळ्यांच्या डोक्यात बारा हा आकडा बसलेला आहे. काही जण तेरा धरतात. बारा असो की तेरा, तो साडेसहा फुटी माणसाला तोच आणि पावणेपाच फुटी बाईलाही तोच.

मुलाला उजव्या कुशीवर वळवलं, डावा हात डोक्यावर घ्यायला लावला. बरगड्या अशा उघडल्या की दोन बरगड्यांमधल्या फटीतून प्रोब तिरका लावायचा. श्वास पूर्ण भरून धरायला सांगितला तर फुप्फुस खाली येऊन वरचं टोक झाकतं, सोडायला सांगितला तर खालचं टोक बरगडीच्या सावलीत जातं. म्हणून थोडा घ्या, थांबा, अजून थोडा, थांबा, असं करत करत दोन्ही टोकं आणि मधली खोबण, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात ती, एकाच चित्रात आणायची. मगच गोठवायचं. घाईच्या ओपीडीत हे होत नाही, हे मी माझ्यावरून सांगते.

पहिलं माप माझंही १३.३ आलं.

क्षणभर पोटात कालवलं. पण खालच्या टोकाचा आकार मला पटेना. पानथरीचं टोक निमुळतं होत जातं, हे मात्र शेवटी गोल फुगलेलं होतं, फुग्याच्या तोंडाशी गाठ असावी तसं. प्रोब दोन अंश फिरवला. मग अजून थोडा. आणि त्या फुगवट्याच्या अलीकडे एक बारीक पांढरी रेघ उमटली. गोळा वेगळा होता. सात-आठ मिलिमीटरचा, पानथरीच्याच रंगाचा, तिला खेटून बसलेला. डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी यंत्रातली सोय, लावला तर त्यात शिरणारी स्वतःची बारीकशी रक्तवाहिनीही दिसली.

याला आम्ही अ‍ॅक्सेसरी स्प्लीन म्हणतो. गर्भात पानथरी तयार होताना तिचे कण एकत्र येतात, एखादा बाजूला राहून जातो आणि तिथेच वाढतो. शंभरातल्या दहा ते तीस जणांत सापडतो, कुणाचं काही बिघडवत नाही. आधीच्या रिपोर्टात कर्सर या गोळ्याच्या पलीकडच्या कडेवर ठेवला गेला होता, आणि घटकेपूर्वी मीही तेच केलं होतं. गोळा सोडून मोजलं तर लांबी १२.६. पुन्हा मोजलं, १२.५. तिसऱ्यांदा १२.६. रुंदी ७, जाडी ४.३. लिव्हर, लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी नस म्हणजे पोर्टल व्हेन, सगळं व्यवस्थित.

सुभेदारसाहेबांना आत बोलावून स्क्रीनवर ती पांढरी रेघ दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मी त्यांना हेही सांगितलं की गोळा नसता आणि खरंच साडेतेरा असती, तरी या उंचीच्या, रक्त स्वच्छ असलेल्या मुलाला मी आजारी म्हटलं नसतं. फौजेच्या मेडिकल बोर्डाचा नियम वेगळा, तो बोर्डाने पाळावा. पण शरीर मोठं तशी पानथरी मोठी, हे काही माझं मत नाही. २००५ साली अमेरिकेत कॉलेजातल्या उंच, निरोगी खेळाडूंच्या सोनोग्राफी करून पाहिल्या होत्या, उंचीबरोबर प्लीहेची लांबी वाढत जाते हे तिथे दिसलं. पुढे जर्मनीत स्टेम सेल दान करायला आलेल्या बाराशेहून जास्त निरोगी लोकांवरही तेच आढळलं, आणि त्यांनी तर स्त्री-पुरुषांसाठी उंचीनुसार वेगवेगळ्या मर्यादाच काढल्या.

ते गेल्यावर मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "आजपासून पोटाच्या सोनोग्राफीला येणाऱ्या प्रत्येकाची उंची लिहायची." भिंतीला उंचीची पट्टी होतीच. लहान मुलांसाठी लावलेली, तिच्यावर जिराफ आहे. मोठ्यांना त्या पट्टीखाली कुणी कधी उभं केलं नव्हतं.

दुपारी दोनच्या सुमाराला मंगळवारच्या बाजारात भाजी विकणारी एक बाई आली. चाळिशीची, हाडं-कातडं. डाव्या कुशीत जड वाटतं, जेवताना चार घासांत पोट भरतं, चढ चढताना दम लागतो. हिमोग्लोबिन ७.८, प्लेटलेट ७८ हजार, दोन्ही कमी. चिठ्ठीवर कोपऱ्यात काउंटरवरच्या मुलीनं लिहिलं होतं: उंची ४ फूट ७ इंच.

तपासायला घेतलं. प्लीहेची लांबी ११.९.

बाराच्या आत. रोज चाळीस पेशंट बघणाऱ्या माणसाचे हात काय करतात हे मला ठाऊक आहे. रिपोर्टचा साचा संगणकात तयार असतो, त्यात 'प्लीहा: आकार नॉर्मल' ही ओळ आधीच टाइप केलेली असते, आकडा भरायचा आणि पुढच्या अवयवाकडे जायचं. माझाही हात प्रोब उचलून किडनीकडे निघाला होता. तेवढ्यात चिठ्ठीवरचा तो आकडा दिसला. सकाळचा मुलगा हिच्यापेक्षा एकोणीस इंचांनी उंच, वजनानं दुप्पट. आणि दोघांच्या पानथरीत फरक अवघा सात मिलिमीटरचा?

परत गेले. या वेळी प्रोब आडवा धरून रुंदी आणि जाडी मोजली. रुंदी ९, जाडी ६.२. १९८६ साली जर्मनीतल्या एका अभ्यासात ९५ टक्के प्रौढांची प्लीहा रुंदीला सातच्या आत आणि जाडीला पाचच्या आत आली होती. ही पानथरी लांबीला वाढलेली नव्हती, ती अंगानं फुगली होती. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करून त्याला ०.५२४ नं गुणलं की अंदाजे घनफळ मिळतं. सकाळच्या मुलाचं भरलं सुमारे २०० घन सेंटिमीटर. या बाईचं साडेतीनशेच्या जवळ. सीटी स्कॅनवरून मोजलेल्या सामान्य प्रौढांच्या प्लीहेचं घनफळ सरासरी २१५ च्या आसपास असतं आणि सव्वातीनशेच्या आत संपतं. लांबीला जी नॉर्मल ठरत होती ती घनफळात सहा फुटी गड्याच्या पावणेदोन पट होती.

मग पोर्टल व्हेन नीट पाहिली. १५ मिलिमीटर, १३ च्या वर आम्ही सावध होतो. पानथरीच्या खोबणीत वेड्यावाकड्या फुगलेल्या नसा, डॉप्लरमध्ये लाल-निळ्या गांडुळांचा गुंता दिसावा तशा. लिव्हर मात्र गुळगुळीत, कुठे आक्रसलेलं नाही, खडबडीत नाही. दारूचा प्रश्नच नव्हता, काविळीचा इतिहास नव्हता. लिव्हर चांगलं असताना पोर्टल व्हेनमधला दाब वाढल्याचं हे चित्र. हा आजार आपल्याकडे वर्षानुवर्षं अंगात मुरत राहतो, आणि पुष्कळदा पहिल्यांदा कळतो तो रक्ताची उलटी झाल्यावर.

"मावशी, याआधी कधी सोनोग्राफी केली होती का?"

"केली की. हितंच केली. तुमीच केली." पिशवीतून तिनं भाजीच्या पावत्यांबरोबर रबर लावून ठेवलेला कागद काढला.

दोन वर्षांपूर्वीचा. खाली माझी सही. प्लीहा ११.२ सेंटिमीटर, आकार नॉर्मल. लांबी सोडून दुसरं माप नाही. चित्रांचा कागद पाठीमागे टाचलेला होता, तो उजेडात धरला. त्या करड्या चित्रातही पानथरीचं पोट फुगीर दिसत होतं. खोबणीपाशी काळे ठिपके होते. नसाच त्या. तेव्हा मी तिकडे रंग लावून पाहिलं नव्हतं.

तेव्हाच्या चिठ्ठीवर पोटदुखी इतकंच लिहिलं होतं, रक्ताचा रिपोर्ट जोडलेला नव्हता, हे खरं आहे. पण चित्र माझ्यासमोर होतं. बाई माझ्यासमोर होती, पावणेपाच फूटही नसलेली. मी बाराचा आकडा पाहिला आणि बाईकडे पाहिलं नाही.

एकोणिसाव्या शतकात यमुनेच्या कालव्यांलगतच्या गावांत डेम्पस्टर नावाचा डॉक्टर लोकांची पोटं हातानं चाचपत फिरला होता. किती जणांची पानथरी हाताला लागते यावरून कुठल्या गावात हिवताप किती हे तो ठरवायचा. पानथरी दुप्पट-तिप्पट झाल्याशिवाय बरगडीखाली हाताला लागत नाही, त्यामुळे हातानं तपासणाऱ्याच्या नजरेतून बरंच सुटायचं. आमच्याकडे मिलिमीटर मोजणारी यंत्रं आहेत, आणि तरीही माझ्याकडून सुटलं. त्या संध्याकाळी हे डोक्यातून जाईना.

मी तिला खरं ते सांगितलं. "मावशी, हे दोन वर्षांपूर्वीच मला दिसायला पाहिजे होतं. माझ्याकडून राहिलं."

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग विचारलं, "मग आता काय करायचं त्ये सांगा." बोलण्यात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं. तिला बाजारात परत जायचं होतं, शेजारणीला टोपल्या सांभाळायला सांगून आली होती.

नवा रिपोर्ट लिहिताना तीनही मापं घातली, घनफळ घातलं, उंची आणि वजन घातलं, आणि जुन्या चित्रांतही हे बदल दिसतात असं स्वच्छ शब्दांत लिहिलं. माझ्या ओळखीच्या पोटविकारतज्ज्ञांना तिच्यासमोरच फोन लावला. त्याच आठवड्यात दुर्बीण घातली गेली. अन्ननलिकेत फुगलेल्या नसा होत्या, एका जागी लाल चट्टेही होते, पण फुटलेली एकही नव्हती. त्यांनी रबराच्या रिंगा घालून त्या बंद केल्या, दाब कमी ठेवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या, लोह दिलं.

त्यानंतर मी माझ्या संगणकातला तो साचा बदलला. 'आकार नॉर्मल' ही तयार ओळ काढून टाकली. आता तिथे तीन रिकाम्या जागा आहेत, लांबी, रुंदी, जाडी, आणि चौथी उंचीची. त्या भरल्याशिवाय रिपोर्ट छापला जात नाही. दिवसाकाठी माझा अर्धा तास जास्त जातो. पहिल्या महिन्यातच एका सव्वासहा फुटी शिक्षकाच्या रिपोर्टवरची 'सौम्य वाढ' टळली. रक्त, लिव्हर, सगळं चांगलं असलेल्या त्या माणसाला रक्ताच्या कॅन्सरच्या तपासण्या करत फिरावं लागलं असतं.

सुभेदारसाहेबांच्या मुलाची पहिल्या मुलाखतीत निवड झाली नाही, दुसऱ्या वेळी झाली. मेडिकलमध्ये पानथरीवर कुणी बोट ठेवलं नाही. पेढे घेऊन दोघे आले होते.

मावशी दर सहा महिन्यांनी येतात. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं आहे, प्लेटलेट अजून लाखाच्या आत आहेत, पानथरी आहे तेवढीच आहे. परवा आल्या तेव्हा काउंटरवरची मुलगी फोनवर होती. त्या कुणी सांगायची वाट न बघता चपला काढून भिंतीपाशी गेल्या आणि जिराफाच्या पट्टीला पाठ टेकून, मान ताठ करून उभ्या राहिल्या.