तिचा चहा

आज कोथरूडला आत्याकडे गेलो तर दार अर्धवट उघडं आणि आत्या, वय ८४, वॉकर ओट्याला टेकवून चहा गाळतेय. हात थरथरतोय, निम्मा चहा बशीत. आणि तिला सांभाळायला ठेवलेल्या ताई आत गोधडी पांघरून झोपलेल्या, तापाने फणफणलेल्या.

मी वैतागलोच. म्हटलं आत्या, अगं मग चोवीस तासांची बाई ठेवलीय कशाला, ब्युरोला फोन करतो, दोन दिवस बदली पाठवतील.

आत्याने गाळणं खाली ठेवलं. "रात्री तीनला हाक मारली तर ती पहिल्या हाकेला 'काय आई' म्हणते. तुझा फोन सायलेंटवर असतो."

गप्प बसलो. खरंच असतो.

मग तो बशीतला चहा तिने परत कपात ओतला, दोन पार्ले-जी ठेवले आणि मला म्हणाली, जा नेऊन दे, आलं घातलंय सांग. ताई उठून बसल्या, पहिल्यांदा काय विचारलं तर "आईंनी बीपीची गोळी घेतली का?" (नव्हती घेतली.)

आम्ही भावंडं फक्त पगार, ब्युरोचं कमिशन आणि सुट्ट्या मोजतो, ते पण ग्रुपवर भांडून. ताईंची स्वतःची आई तिकडे औशाजवळ गावात एकटी असते, हे मला आज कळलं, दोन वर्षांनी.

निघताना आत्या म्हणाली, दिवाळीत ती पंधरा दिवस गावी जाणारे, तू येशील ना राहायला?

मी म्हटलं, बघतो.