पंचवटीत दोन रात्री

बाबांच्या अस्थी रामकुंडात सोडल्या, त्यानंतर आई गंगेवर गेलीच नव्हती. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) या वेळी तिला निवांत न्यायचं होतं. कॉलेज रोडला हॉटेलं चकाचक मिळतात, पण पहाटे रिक्षा शोधत कोण बसणार? म्हणून काळाराम मंदिराजवळच्या बोळात साधं लॉज घेतलं.

नाशिकरोड स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. तिथून निमाणीची सिटीबस धरा, पंचवटीतच उतरता. स्वतःची गाडी असेल तर ती कुठे लावायची ते आधी विचारून ठेवा, बोळ फार अरुंद आहेत.

खोली स्वच्छ, चादरी धुतलेल्या. पण दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही! फोनवर ते विचारायचं राहिलं आणि आईच्या गुडघ्यांचे हाल झाले. गरम पाणी नऊपर्यंत सांगितलं होतं, साडेसातलाच नळ गार. मी तक्रार केल्यावर बादली वर आली. वयस्कर माणूस सोबत असेल तर खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. रस्त्याकडची खोली तर घेऊच नका, पहाटेपासून गाड्या सुरू होतात.

त्याच पहाटेसाठी मात्र पंचवटीतच राहावं. साडेपाचला आम्ही चालत निघालो. काळारामाचं काळ्या पाषाणाचं मंदिर अंधारात आणखीच भारदस्त वाटतं. मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू केला तो इथेच. दारासमोर दोन मिनिटं उभं राहिल्याशिवाय मला पुढे जाववलं नाही.

खाली घाटावर दुतोंड्या मारुती. गंगेचा पूर नाशिककर याच्याच अंगावर मोजतात, पाणी कमरेला लागलं की छातीला. पावसाळ्यात येणार असाल तर गंगापूर धरणातून विसर्ग सुरू आहे का ते बघूनच निघा, आणि लॉज घाटालगत न घेता जरा चढावर घ्या.

रामकुंडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला काढल्यावर पाय जपून टाका. मी आईचा दंड धरून ठेवला होता. तिने ओंजळभर पाणी घेतलं, बाबांचं नाव घेतलं आणि म्हणाली, "उद्या परत येऊ." दुसऱ्या दिवशी मला तिने पाच वाजताच उठवलं.