पहिल्या तासाचं आंबट पान

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा मुख्याध्यापकांचा फोन आला आणि डोळ्यांसमोर विज्ञानाच्या बाईच उभ्या राहिल्या. शाळेने मला पुष्कळ दिलं, पण आज मी ज्यावर पोट भरतो ते बाईंनी दिलं. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

प्रयोगशाळेमागे भिंतीला लागून पानफुटी माजलेली असायची. नववीत असताना एकदा प्रार्थना संपल्याबरोबर बाई आम्हाला तिथे घेऊन गेल्या. प्रत्येकाच्या तळहातावर पानाचा नखाएवढा तुकडा ठेवला. "नुसता चावा आणि थुंका रे, गिळायचा नाही." चिंचेचा पाला ओरबाडून खाणारी पोरं आम्ही, तरी दात आंबले. रसात निळा लिटमस बुडवला तर लालभडक. शेवटच्या तासाला पुन्हा तेच. या वेळी पान अगदी मचूळ! "बाई, हे दुसरं झाड असणार," मागून कुणीतरी म्हणालं. बाईंनी सकाळीच त्या झाडाला लाल दोरा बांधून ठेवला होता.

मग त्यांनी फळ्यावर पर्णरंध्र काढलं. बहुतेक झाडं दिवसा रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने त्यांचं पाणी उडून जातं. पानफुटी उन्हात दारं लावून बसते. रात्री गारव्यात ती रंध्रं उघडते, आलेला वायू मॅलिक आम्ल करून साठवते आणि दिवसा तेच आम्ल मोडून अन्न बनवते. म्हणून सकाळी आंबट, दुपारनंतर फिकी. हे सगळं झाड नुसतं उन्हाकडे बघून करत नाही, वेळेचं भान त्याच्या आतच असतं, हेही बाईंनी सांगितलं. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां यांनी लाजाळू अंधारात ठेवली, तरी तिची पानं आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. पुस्तकात यातलं काहीच नव्हतं.

पुढे कृषी महाविद्यालयात वाचलं की, हिंदुस्थानात राहिलेल्या बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची हीच चव घेऊन पाहिली होती आणि त्यांचं पत्र १८१५ साली छापून आलं. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

आज जत तालुक्यातल्या आमच्या माळावर ड्रॅगन फ्रूट उभं आहे. तेही रात्रीच श्वास घेणारं, म्हणून थोड्या पाण्यावर तगतं. रात्रीसुद्धा उकाडा राहिला तर त्याचा साठा घटतो, म्हणून उन्हाळ्यात माझं लक्ष रात्रीच्या तापमानावर असतं. शेजारच्या डाळिंबाची तऱ्हा वेगळी. त्याची रंध्रं सकाळी कामाला लागतात आणि टळटळीत दुपारी आवळतात. त्याचं ठिबक मी पहाटेच सोडतो, दोन्ही पिकांचे व्हॉल्व्ह वेगळे ठेवलेत. बघायला येणारे शेतकरी खत कोणतं, औषध कोणतं ते विचारतात. मी आधी पानफुटीची गोष्ट सांगतो.

मागे शाळेत आलो तेव्हा प्रयोगशाळेमागे पेव्हर ब्लॉक बसलेले दिसले. स्वच्छ आहे, पण जीव हळहळला. मुख्याध्यापकांना विनंती आहे, तिथे चार कुंड्यांपुरती जागा द्या. पानफुटी मी लावून देतो, लिटमसची पुडकीही पाठवतो. नववीचा पहिला तास आणि शेवटचा तास, एवढंच मागतो.